राऊजवळचा मैलाचा दगड वाचवणाऱ्यांचे आभार

इंदूरजवळच्या राऊपाशी, जुन्या आग्रा-मुंबई रस्त्याकडेचा हा दगड मुरमाखाली जाणारच होता. जेसीबीवाल्या दादांनी बकेट वरच रोखली, "भिया, ये तो पुराना माल है" म्हणत खाली उतरले आणि हाताने माती सारली. नाव सांगायला मात्र थांबले नाहीत. टपरीवरच्या काकूंनी बादलीभर पाणी दिलं. कॉलेजच्या दोन पोरांनी काथ्याने चुन्याचे थर घासले (तारेचा ब्रश त्यांनीच नाकारला, शाबास!), तेव्हा महूचं कोरीव नाव आणि मैलांचा आकडा उघडा पडला. 1956 च्या कायद्याने दशमान मापं आली, पुढे रस्त्यांवर किलोमीटर आले, मैलाचे दगड अडगळ ठरले. हा आपल्या जागीच राहिला, हे फार बरं झालं. हलवला की आकडा खोटा पडतो. तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. असा दगड आणखी कुठे दिसला, तर उचलू नका, फोटो आणि ठिकाण कळवा.