बुर्जी पाणचट का होते

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

बुर्जीला पाणी सुटतं आणि उकडलेल्या अंड्याच्या बलकाभोवती हिरवट कडं धरतं, असं का होतं ते तू विचारलंस. दोन्हीचं मूळ एकच, आच जास्त आणि वेळ जास्त. अंड्यातलं पांढरं साधारण ६२ अंशांपासून बांधायला लागतं, बलक ६५ ते ७० अंशांत. त्यापुढे तापवत राहिलास की ते आवळतं आणि आतलं पाणी बाहेर टाकतं.

बुर्जीत टमाट्याचं पाणीही असतं. चार अंड्यांना दोन कांदे, तीन हिरव्या मिरच्या, एक टमाटा, दोन मोठे चमचे तेल. कांदा गुलाबी झाला की टमाटा आणि पाव चमचा हळद घाल, कडेनं तेल सुटेपर्यंत परत. मग गॅस बारीक करून अंडी ओत आणि थोडा वेळ हात लावू नकोस. खालचा थर धरला की उलथण्यानं मोठमोठे तुकडे सरकव. वर ओलसर दिसतंय तेव्हाच गॅस बंद. बाकीचं काम तापलेली कढई करते. हैदराबादकडे खागिना करतात, तो याचाच भाऊ. त्यात कांदा भरपूर असतो. मुंबईत कुणी ‘बैदा’ म्हणालं तर गोंधळू नकोस, अंडंच ते.

उकडताना उकळी आल्यावर मंद आचेवर नऊ-दहा मिनिटं पुरे, लगेच गार पाण्यात टाक. हिरवं कडं म्हणजे पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह. खाल्लं तर काही होत नाही, पण बलक कोरडा पडतो. अगदी ताजी गावरान अंडी उकडायला घेऊ नकोस, पांढरं टरफलाला चिकटून निघतं. आठवडाभराची सोपी सोलतात.

आता खरं कालवण, फोडून सोडलेल्या अंड्यांचं. मला उकडलेल्या अंड्यांच्या रश्श्यापेक्षा हेच चांगलं वाटतं, कारण बलक रश्श्यात मुरतो. दोन कांदे आणि अर्धी वाटी सुकं खोबरं तव्यावर काळपट भाज, सात-आठ लसूण पाकळ्या आणि आल्यासोबत बारीक वाट. तेलात वाटण चांगलं परत, दोन चमचे काळा मसाला घाल. येसर एक मोठा चमचा, पण आधी गार पाण्यात कालवून. त्यात भाजलेलं धान्य आणि डाळी असतात, त्यामुळे गरम रश्श्यात कोरडा टाकलास की गुठळ्या होतात. मग तीन वाट्या गरम पाणी, मीठ, दहा मिनिटं उकळी.

अंडी सोडायच्या आधी गॅस अगदी कमी कर. रस्सा खळखळत असेल तर पांढऱ्याच्या चिंध्या होतात आणि रस्सा गढूळतो. एकेक अंडं वाटीत फोड, वाटी रश्श्याला टेकव आणि कडेनं हळूच सोड. वाटीमुळे एखादं खराब निघालं तरी सगळं कालवण वाया जात नाही. झाकण ठेव, पाच मिनिटं डाव घालू नकोस. बलक घट्ट हवा असेल तर आणखी तीन. ज्वारीची भाकरी चुरून खा, वर कच्चा कांदा.

येसर आणि काळा मसाला वेगवेगळ्या डब्यांत पाठवतेय. ओला चमचा घालू नकोस, येसराला लगेच जाळी धरते.

तुझी आई