रविवारी मुलांना घेऊन या : पूर आणि विजेपासून बचाव

सोसायटीतील सर्व पालकांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी १० वाजता तळमजल्यावरच्या हॉलमध्ये ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी तासाभराचा वर्ग आहे. सोबत एक पालक हवाच.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवते ना? नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. माझी मुलगी दप्तर छातीशी धरून पलंगावर उभी होती. "बाबा, आता काय करायचं?" मला उत्तर सुचलं नाही. ते उत्तर मुलांकडे आधीच असावं, एवढ्यासाठी हा वर्ग.

काय शिकवणार :
- पाणी चढू लागलं की सामान सोडून वरच्या मजल्यावर जायचं. ओल्या हातांनी स्विचला हात लावायचा नाही. वाहत्या पाण्यात उतरायचं नाही, घोट्याएवढं असलं तरी. खाली उघडं गटार असू शकतं.
- वीज चमकल्यावर ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर लगेच पक्क्या घरात. झाडाखाली अजिबात नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच.
- ११२ या आपत्कालीन नंबरवर फोन लावून पत्ता सांगणे (सराव खेळण्यातल्या फोनवर).

मुलांकडून घरचा पूर्ण पत्ता पाठ करून घ्या. नावं शुक्रवारपर्यंत ग्रुपवर टाका. आणि कृपया, तयारी म्हणून पुराचे भीतीदायक व्हिडिओ दाखवू नका.