मित्रास पत्र: तुझ्या तुकड्यांबद्दल

प्रिय दोस्ता,

काकांच्या, म्हणजे तुझ्या बाबांच्या, कमी होत चाललेल्या ऐकण्यावरचं तुझं बाड आलं त्याच रात्री वाचून काढलं आणि मग मुद्दाम काही दिवस बाजूला ठेवलं. फोन करता आला असता, पण तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. पहिल्या आक्षेपालाच तू वाद घालायला बसला असतास आणि पुढचं सगळं राहून गेलं असतं. पत्रात निदान मला माझं म्हणणं पुरं करता येईल. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात तू पेन्सिलीनं लिहिलंयस, "हा लेख आहे का कविता? का दोन्ही नाही?" तिथूनच सुरुवात करतो.

तू जे केलंयस त्याला इंग्रजीत लिरिक एसे म्हणतात. 1997 साली अमेरिकेतल्या 'सेनेका रिव्ह्यू' या नियतकालिकात डेबोरा टॉल आणि जॉन डागाटा या दोन संपादकांनी हे नाव रुजवलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की या लेखनात कवितेची घनता आणि नाद असतो, आणि निबंधाचं वजन, म्हणजे खऱ्या गोष्टींना भिडायची ओढही असते. गोष्ट सलग सांगायचं बंधन नाही, मुद्दा सिद्ध करायचं तर नाहीच. तुकडे शेजारी-शेजारी ठेवायचे, मधली जागा कोरी सोडायची आणि ती वाचकाला त्याच्या पायांनी ओलांडू द्यायची. नाव अलीकडचं, पण रीत जुनी. इसवी सन 1000च्या आसपास जपानच्या राजदरबारातली सेई शोनागोन नुसत्या याद्या करून मनातलं सांगत होती: नकोशा गोष्टी, काळजाचा ठोका चुकवणाऱ्या गोष्टी.

आता तू म्हणणार, आपल्याकडे ललित निबंध होताच की. होता, आणि चांगला होता. फडके, खांडेकर, काणेकर यांच्या लघुनिबंधानं 'मी'ला गप्पा मारायला बसवलं. विषय बारीकसा, त्यावरून थोडी भटकंती आणि शेवटी अलगद मुक्कामावर. इरावतीबाई कर्व्यांचा 'परिपूर्ती' आठव. सभेत अमक्यांची सून, अमक्यांची पत्नी अशी ओळख करून दिली जाते, त्यांना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत राहतं, आणि रस्त्यात एक पोरगा दुसऱ्याला सांगतो की ही आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई. लेख तिथे बंद होतो आणि तो तसाच बंद व्हायला हवा. तुझ्या बाडाला तसं बंद होता येणार नाही, कारण काकांचं ऐकू न येणं अजून चालूच आहे, रोज थोडं थोडं वाढतंय. म्हणून तुला दुसरी रचना लागली. मला एवढं कारण पुरेसं आहे. फॅशन म्हणून तुकडे पाडले असतेस तर मी बाड न वाचता परत केलं असतं.

आता खरं बोलतो. तुझं सगळ्यात चांगलं पान ते ऑडिओमेट्रीचं, म्हणजे कानांच्या तपासणीचं. काका त्या आवाजबंद खोलीत बसलेत, कानांवर हेडफोन, हातात बटण. काचेबाहेर तू. सूर ऐकू आला की बटण दाबायचं, एवढंच त्यांना सांगितलेलं. आणि तुझ्या लक्षात येतं की तपासणाऱ्या बाई काहीच वाजवत नाहीयेत तेव्हाही काका बटण दाबताहेत. मी श्वास रोखून वाचत होतो रे. आणि लगेच पुढची ओळ: "बाबांना आयुष्यभर नापास होण्याची भीती वाटत आली." कशाला? वाचक आत्ता कुठे त्या काचेपाशी उभा राहिला होता, तू त्याला खांद्याला धरून बाजूला केलंस.

ती ओळ काढ. तिच्या जागी नवव्या पानावरचा, तू जवळजवळ तळटीप म्हणून टाकलेला तुकडा आण. तोच, ज्यात लिहिलंयस की 0 डेसिबल म्हणजे शांतता नव्हे. निरोगी तरुण कानांना सरासरीनं जेमतेम ऐकू येईल तो आवाज म्हणजे 0, आणि काहींना त्याहूनही हळू ऐकू येतं म्हणून तपासणीचा आलेख उणे 10 पासून सुरू होतो. आता दोन्ही लागोपाठ वाच. काही वाजत नसताना बटण दाबणारे काका. मध्ये कोरी जागा. मग शून्याच्याही खाली आवाज असतो, ही माहिती. भीतीबद्दल एक अक्षर नाही, तरी ती आहेच. शिवाय तुझ्या ओळीनं जी वाट बुजवली होती ती उघडते: कुणी सांगावं, काकांना काहीतरी ऐकू येतही असेल.

मला या प्रकारात जे काही कळतं ते एवढ्यातच आलं. कोरी जागा ठेवण्याआधी एक करून बघ. वरचा-खालचा तुकडा अदलाबदल कर. काहीच बिघडलं नाही, तर ती जागा फुकट गेली, तिथे तू फक्त दमून थांबलायस. तुझ्या बाडात अशा फुकट जागा बऱ्याच आहेत, मी समासात फुल्या मारल्यात. मॅगी नेल्सन या अमेरिकन लेखिकेच्या 'ब्लूएट्स'मध्ये (2009) निळ्या रंगावरचे 240 क्रमांकित तुकडे आहेत. वरवर बघता कुठूनही वाचा असं वाटतं, पण मोडलेलं प्रेम, अपघातानं जायबंदी झालेली मैत्रीण आणि निळा रंग असे पेड त्यात गुंफलेत. एक पेड किती वेळ नजरेआड ठेवायचा आणि कुठे परत आणायचा, हा सगळा हिशेब तिनं केलेला आहे. तुझा बहिणीचा पेड दुसऱ्या पानावर येतो आणि थेट शेवटून दुसऱ्या पानावर उगवतो. तोवर मी तिला विसरलो होतो.

दुसरी गोष्ट घाटाची. परका घाट उसना घेऊन त्यात आपलं नाजूक दुखणं ठेवायचं, अशी एक युक्ती या लोकांत चालते. ब्रेंडा मिलर आणि सुझान पाओला यांनी 2003 सालच्या आपल्या पुस्तकात तिला दुसऱ्याच्या शंखात राहणाऱ्या खेकड्याचं नाव दिलं. औषधाची चिठ्ठी, प्रश्नपत्रिका, सूचनापत्रक, काहीही शंख म्हणून चालतं. यूला बिस हिनं दवाखान्यात विचारतात ती 0 ते 10 अशी वेदनेची मोजपट्टी घेतली आणि निबंधाचे भागच त्या आकड्यांनी पाडले. आपलं दुखणं नेमकं कितव्या आकड्यावर, हे तिला ठरवता येत नाही, आणि निबंध त्या न ठरण्यावरच उभा आहे. तुझ्याकडे तर शंख आयता पडलाय आणि तू तो नुसता वर्णन करून सोडलायस! ऑडिओग्राम, म्हणजे तोच तपासणीचा आलेख. आडव्या अक्षावर 250 पासून 8000 हर्ट्‌झपर्यंत कंपनं, उभ्या अक्षावर डेसिबल, तेही उलटे, वरून खाली वाढत जाणारे. वयाबरोबर आधी वरची कंपनं, म्हणजे बारीक, उंच सूर जातात, म्हणून रेघ उजवीकडे घसरत जाते. आवाजाचा जोर बराचसा स्वरांत, खालच्या कंपनांत असतो, तो राहतो. स, श, च यांसारखी व्यंजनं वरच्या कंपनांवर ओळखू येतात, ती आधी गळतात. म्हणून काका म्हणतात, "ऐकू येतं रे, कळत नाही." ते कुरकुर करत नसतात, आलेखात दिसतं तेच बोलत असतात.

समज, तू भागांना 250, 500, 1000, 2000, 4000, 8000 अशी शीर्षकं दिलीस. खालच्या कंपनांत काकांना अजून नीट ऐकू येणारं सगळं: त्यांचा स्वतःचा आवाज, दार आपटणं, ढग. वर वर जाताना भाग लहान होत जातील. 4000 मध्ये तो प्रसंग घाल, तू "सकाळी निघतो" म्हणालास आणि काका रागावून म्हणाले, "अकाळी कुठे निघालास?" हा प्रसंग तू विनोद म्हणून सांगितलायस. जागा बदलली की तो विनोद राहील, आणि नुसता विनोद राहणार नाही. 8000 मध्ये काय घालायचं ते मला सुचत नाही. कदाचित फक्त शीर्षक. पण अशी गाळागाळ करायची तर एकदाच. मधल्या पानावर तू व्यंजनं गाळून अख्खा परिच्छेद छापलायस, त्यातल्या दोन ओळी ठेव. जेनी बुली नावाच्या लेखिकेनं पानं कोरी ठेवून फक्त तळटीपा छापल्या (2002), आणि तिला ते साधलं, कारण वरचा मजकूर नसणं हाच तिचा विषय होता. तुझा विषय काका आहेत. वाचकाला कोडं घालायला तू बसलेला नाहीस.

भाषेबद्दल थोडक्यात. तिसऱ्या पानावर कवी ग्रेस शिरलेत. "नादाच्या निर्वासित काठावर" हे काकांबद्दल कोण बोलेल? ग्रेसांचं ललित गद्य मलाही आवडतं, 'वाऱ्याने हलते रान'ला 2011चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा आपण दोघंही खूश झालो होतो, पण ती वाक्यं त्यांच्याच घरात नांदतात. तुझी वाक्यं कोरडी असतात तेव्हाच वाजतात. "बाबांनी बटण दाबलं. बाईंनी मान हलवली." यात सगळा नाद आहे.

आणि तो 'तू'. अर्ध्या बाडात स्वतःला 'तू' म्हणून घेतलंयस. क्लॉडिया रँकिननं 'सिटिझन'मध्ये (2014) वर्णद्वेषाचे रोजचे बारीक ओरखडे असेच 'तू'ला सांगितलेत. तिथे तो 'तू' वाचकाला गचांडी धरून त्या जागी उभा करतो, 'हे माझ्याबाबत घडत नाही' म्हणायची सोय ठेवत नाही. तुझा 'तू' उलट तुलाच लपवायला मदत करतोय. काकांवर ओरडलास त्या पानावर तर नक्कीच. तिथे 'मी' लिही.

आता ज्यावर आपलं भांडण होणार आहे ते. तपासणी काकांच्या वाढदिवसाला झाली असं लिहिलंयस. मला चांगलं आठवतंय, ती त्या दिवशी नव्हती. तुझं उत्तरही मला ऐकू येतंय: अरे, हे लिरिक आहे, बातमी नव्हे. हाच वाद त्या डागाटाच्याच नावावर आहे. लास व्हेगासमधल्या एका मुलाच्या आत्महत्येवर त्यानं निबंध लिहिला आणि तथ्यं तपासायला जिम फिंगल नावाचा तरुण नेमला गेला. शहरातल्या स्ट्रिप क्लबांची संख्या 31 असताना डागाटानं 34 लिहिली होती, का तर वाक्यात 34ची लय बरी लागते. दोघांच्या झटापटीचं 2012 साली पुस्तक निघालं, पुढे त्यावर ब्रॉडवेवर नाटकही झालं. मी पूर्णपणे फिंगलच्या बाजूचा. लयीसाठी आकडा बदलणाऱ्याचा हात लयीवर कच्चा आहे, 31 घेऊन वाक्य पुन्हा घडवायला काय हरकत होती? आणि खऱ्याला भिडायची ओढ काढून टाकली तर या प्रकारात उरतं काय? नुसती नटलेली वाक्यं. तुला कल्पना करायचीच असेल तर उघड कर. 'समजा', 'कदाचित', 'मला असं वाटायला आवडतं की' हे शब्द इथे चालतात, हीच तर या प्रकाराची सोय आहे. "ती तपासणी वाढदिवसाला असती तर" असं लिही. वाक्य जास्त बोचेल, बघ.

बहिणीचंही तसंच. काकांनी रेडिओ कुणाला देऊन टाकला यावर तुमचं दोघांचं जमत नाही, आणि तू सरळ तुझी आठवण छापून मोकळा झालास. 'लीळाचरित्र' काढून बघ. तेराव्या शतकातलं आपलं गद्य, सगळं छोट्या छोट्या लीळांचं, माणसांच्या आठवणींतून म्हाइंभटांनी गोळा केलेलं. त्याच्या प्रतींत कितीदा एकाच प्रसंगाचा दुसऱ्याच्या आठवणीतला पाठही नावानिशी नोंदलेला दिसतो. म्हाइंभटांच्या परंपरेला जे जड गेलं नाही ते तुला का जावं? तुझी आठवण, खाली तिची, दोन्हींवर नावं. निवाडा करू नकोस. तिचा पेड मधे गायब होतो म्हणालो ना, त्यालाही इथे जागा मिळेल.

किरकोळ: आलेखात उजव्या कानाला लाल गोल आणि डाव्याला निळी फुली असते, तू उलटं लिहिलंयस. मूळ कागद काढून सगळेच आकडे ताडून बघ. आणि पुढचा खर्डा मला पाठवायच्या आधी मोठ्या टायपात छापून काकांना वाचायला दे. डोळे तर त्यांचे उत्तम आहेत. त्यांनी कशाला हरकत घेतली तर गाळायचं का ठेवायचं ते आपण बोलू, पण ती हरकत त्यांच्याच शब्दांत लिहून ठेव.

तुझाच