सूचना : मडगावच्या स्नेहसंमेलनासाठी विमानतळाची निवड
सर्व सभासदांना कळविण्यात येते की, तिकीट काढताना ‘गोवा’ या नावाखाली दाबोळी (जीओआय) आणि मोपा (जीओएक्स) असे दोन विमानतळ दिसतात. तेव्हा पैसे भरण्यापूर्वी संकेताक्षरे नीट पाहावीत. मोप्याचे तिकीट काही वेळा स्वस्त मिळते; परंतु तो विमानतळ पेडणे तालुक्यात, गोव्याच्या उत्तर टोकाला असल्याने मांडवी आणि जुवारी असे दोन्ही पूल ओलांडून मडगावला यावे लागते आणि टॅक्सीचे भाडे धरले की वाचलेले पैसे बहुधा तिथेच संपतात. दाबोळीहून मडगाव सुमारे २५ किलोमीटर आहे. ज्येष्ठ सभासदांनी व रात्री उतरणाऱ्यांनी दाबोळीच निवडावे, अशी आग्रहाची विनंती आहे. परतताना सावंतवाडी किंवा बांद्याला मुक्काम असणाऱ्यांना मात्र परतीसाठी मोपाच सोयीचा पडेल.