रविवारच्या नाणेघाट–जुन्नर सहलीबाबत सूचना

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी पहाटे ५ वाजता शिवाजीनगरहून बस सुटेल. ५ म्हणजे ५. मागच्या खेपेसारखं चहासाठी थांबणं होणार नाही.

आधी नाणेघाट. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल जुन्नरला चढायचा तो याच वाटेने. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण सगळ्यांनी फोटोत पाहिलेला असतो, जकातीची नाणी त्यात टाकत असं सांगतात. पण खरा ऐवज खालच्या गुहेत आहे: सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख. तिने केलेले यज्ञ आणि दिलेल्या दक्षिणा त्यात आकड्यांसकट कोरल्या आहेत. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींचे पुतळे होते. आता वर नावं आणि खाली पावलांचे अवशेष तेवढे उरलेत. विजेरी जरूर आणा. उजेड तिरका पाडला की अक्षरं उठून दिसतात. फोटोसाठी अक्षरांत खडू भरणं किंवा पाणी मारणं सक्त मना आहे. कोणी तसं करताना दिसलं तर पुढच्या सहलीत त्याचं नाव नसेल.

परतताना पूर गावातलं कुकडेश्वर मंदिर, मग लेण्याद्री. तिथे पायऱ्या बऱ्याच आहेत, गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी खाली थांबलं तरी चालेल. शिवनेरी यावेळी नाही. त्याला स्वतंत्र दिवस हवा.

डबा, पाणी, टोपी आणि चांगली पकड असलेले बूट आणावेत. गुरुवार संध्याकाळपर्यंत नाव आणि पैसे खजिनदारांकडे द्यावेत.

– सहल समिती