टोक कापू नकोस!

डिडकॉट, रविवार

प्रिय बंड्या,

तुझा फोन आला तेव्हा रात्रपाळीला होतो, म्हणून धड बोललो नाही. खंडेनवमीला पुजता ती तलवार 'अस्सल' आहे का ते बघायला टोक कापून लॅबला देणार म्हणे? खबरदार! न कापता न्यूट्रॉनच्या झोतानं आत बघता येतं.

एक्स-रे का नको, असं विचारलंस. एक्स-रे अणूतल्या इलेक्ट्रॉनांना अडखळतो. जड धातूत ते खच्चून भरलेले, म्हणून वाट बंद. न्यूट्रॉनला विद्युतभारच नाही, तो थेट केंद्रकाशी भिडतो. मग सगळा उलटा कारभार: शिशातून आरामात पार होतो आणि तेला-मेणात अडकतो, कारण तिथे हायड्रोजन. तुमचं पातं मुठीत लाखेनं बसवलेलं असणार. न्यूट्रॉनच्या चित्रात लोखंड फिकट दिसेल, आतली लाख काळीकुट्ट, आणि कुठे पोकळी राहिली असेल तर तीही कळेल.

पातं कसलं, हे विवर्तन सांगतं, म्हणजे अणूंच्या थरांवरून न्यूट्रॉन ठरावीक दिशांना विखुरतात ते. न्यूट्रॉनची तरंगलांबी आणि स्फटिकातल्या अणूंच्या थरांमधलं अंतर साधारण एकाच मापाचं, त्यामुळे प्रत्येक पदार्थ आपली ठरलेली खूण उमटवतो. साधं लोखंड वेगळं, कार्बन धरून बसलेलं लोखंडाचं संयुग, सिमेंटाइट, वेगळं. समज, वजनाने 20 टक्के सिमेंटाइट निघालं, तर कार्बन 1.3 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वुट्झची, त्या जुन्या भारतीय जास्त कार्बनवाल्या पोलादाची, शक्यता. आणि हे वरच्या गंजाचं नाही, पात्याच्या आरपार जाऊन काढलेलं उत्तर. इथल्या आयसिस या न्यूट्रॉन केंद्रात लंडनच्या वॉलेस कलेक्शनमधली एक भारतीय शमशेर अशीच तपासली गेली; ती वुट्झची निघाली.

एक गोची आहे. न्यूट्रॉन खाल्ले की धातू थोडा किरणोत्सारी होतो. सोन्याचा किरणोत्सार पावणेतीन दिवसांत निम्मा होतो, चांदीच्या एका समस्थानिकाला मात्र 250 दिवस लागतात. तुमच्या मुठीवर चांदीचं काम आहे ना? चुकून जास्त वेळ झोतात राहिली तर पुढची खंडेनवमी तलवारीविना!

शिवाय घरच्या तलवारीसाठी झोताचा वेळ कोणी सहजासहजी देत नाही. त्यासाठी रीतसर प्रस्ताव लागतो. ट्रॉम्बेच्या 'ध्रुव' अणुभट्टीवरही अशी यंत्रं आहेत, तुझ्या ओळखीच्या पुरातत्त्ववाल्या सरांना गाठून बघ. तलवार पानिपतावर गेली होती का, हे मात्र न्यूट्रॉनला विचारू नकोस. ते काकांनाच ठाऊक, आणि दर वर्षी वेगळं.

तोवर पॉलिश पेपर लावू नकोस, पात्यावर नक्षी असलीच तर तीच जाईल. हलका तेलाचा हात फिरव आणि मुठीचे जवळून फोटो पाठव.

तुझा,
सुहास