महाराणी ताराबाईंची सात वर्षे कोकणच्या किल्ल्यांवर लिहा : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : जागतिक वारसा यादीतील कोकणच्या किल्ल्यांवर महाराणी ताराबाईंच्या लष्करी नेतृत्वाची नोंद व्हावी, याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

मी राजापूर तालुक्यात, जैतापूर खाडीच्या काठावर राहते आणि माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. गेल्या फेब्रुवारीत नववीच्या वर्गाची सहल घेऊन आम्ही एका जलदुर्गावर गेलो होतो. किल्ल्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष त्या एका किल्ल्याचा नाही. माहिती देणाऱ्या गृहस्थांनी शिवाजी महाराजांनी केलेले बांधकाम मनापासून समजावून सांगितले, संभाजी महाराजांपर्यंत आले आणि तिथून एकदम कान्होजी आंग्र्यांच्या पराक्रमाकडे वळले. सनावळ्या वहीत उतरवून घेणाऱ्या एका मुलीने विचारले, "मग राजाराम महाराज गेल्यावर किल्ला कोणाचा होता?" ते म्हणाले, "ताराबाईंचा. पण त्या काळातलं विशेष काही नाही." घरी परतल्यावर वह्या तपासताना तिच्या वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलेली ओळ मला दिसली : "१७०० ते १७०७ – ताराबाई – विशेष काही नाही." तिने ऐकले तेच लिहिले होते. त्या ओळीवर लाल शाईने काट मारताना मला जे वाटले, त्यातून हे पत्र लिहीत आहे.

त्या सात वर्षांत काय घडले, हे आपल्याला ठाऊक असणारच. तरीही ते इथे सविस्तर मांडते, कारण माझी मागणी त्यावरच उभी आहे. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचे निधन झाले, तेव्हा ताराबाई पंचवीस वर्षांच्या होत्या आणि त्यांचा मुलगा शिवाजी याला चार वर्षेही पूर्ण झाली नव्हती. राजधानी रायगड १६८९ मध्येच हातची गेली होती, येसूबाई आणि शाहू मोगलांच्या कैदेत होते, जिंजी पडून दोन वर्षे झाली होती आणि खुद्द औरंगजेब साताऱ्याच्या किल्ल्याला वेढा घालून बसला होता. पुढच्याच महिन्यात सातारा पडला. अशा वेळी या बाईंनी मुलाला गादीवर बसवून राज्याचा आणि फौजेचा कारभार हाती घेतला. सरसेनापती हंबीरराव मोहित्यांची ही लेक. राजाराम महाराज जिंजीला गेले तेव्हा विशाळगडावर रामचंद्रपंत अमात्यांच्या देखरेखीखाली राहून तिने मुलकी आणि लष्करी कारभार जवळून पाहिला, आणि १६९४ मध्ये जिंजीला पोहोचल्यावर वेढ्यातला किल्ला कसा राखतात हेही अनुभवले. ऐनवेळी कोणीतरी पुढे केलेले बाहुले म्हणून त्यांच्याकडे पाहणे म्हणूनच चुकीचे आहे.

त्यांच्या काळातली युद्धनीती मला मुलांना शिकवायला फार आवडते, कारण ती आमच्या भूगोलातून समजते. बादशहा एकेक गड घेत चालला होता : सज्जनगड, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा. मराठ्यांनी गड शक्य तितके दिवस लढवायचा, वेढा पावसाळ्यापर्यंत लांबवायचा, दाणागोटा संपत आला की मोगलांकडून रोख रक्कम घेऊन तो खाली करायचा, आणि बादशहाची पाठ वळून शिबंदी विरळ झाली की पुन्हा जिंकून घ्यायचा. दरम्यान धनाजी जाधव, नेमाजी शिंदे यांच्यासारख्या सरदारांच्या फौजा मोगली मुलखात, नर्मदेपलीकडे माळव्यात आणि गुजरातेत धुमाकूळ घालत होत्या. गड घेण्यासाठी बादशहाने पाण्यासारखा पैसा ओतला, आणि त्यातले बहुतेक गड १७०७ च्या आगेमागे पुन्हा मराठ्यांकडे आले.

यातला विशाळगडाचा वेढा कोकणातल्या प्रत्येक शाळेत शिकवायला हवा, असे माझे ठाम मत आहे. डिसेंबर १७०१ च्या सुमारास सुरू झालेला हा वेढा परशुरामपंत प्रतिनिधींनी जून १७०२ पर्यंत ताणून धरला आणि मग पैसे घेऊन गड सोडला. बादशहा जिंकला, पण तेवढ्यात सह्याद्रीवर पाऊस उतरला. तिथून पन्हाळ्यापर्यंतचे अंतर सुमारे तीस मैलांचे. ते कापायला त्या अफाट लष्कराला महिन्याहून अधिक काळ लागला. जनावरे चिखलात रुतून मेली, ओढ्यांना आलेल्या पुरात माणसे आणि सामान वाहून गेले. आम्ही जुलैत अणुस्कुऱ्याच्या घाटातून एसटीने कोल्हापूरला जातो, तेव्हा समोरची दहा पावलेही दिसत नाहीत, ड्रायव्हर दिवे लावून गाडी मुंगीच्या पावलाने चढवतो आणि काचेच्या फटीतून आत येणारे पाणी मांडीवरच्या पिशवीत साचते. त्या पावसात तोफा, हत्ती, तंबू आणि बादशहाचा जनाना घेऊन चालणे म्हणजे काय, हे आमच्या मुलांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही. वेढा तोवर ताणला म्हणजे पुढचे काम पाऊस करतो, हे गडावरच्यांना नेमके कळले होते.

समुद्राच्या बाजूलाही तेच. रायगड शत्रूकडे असताना, जंजिऱ्याचा सिद्दी शेजारी आणि इंग्रज-पोर्तुगीज समोर असताना, कान्होजी आंग्र्यांनी या काळात मराठ्यांचे आरमार नव्याने उभे केले. पुढे १७१३ मध्ये ते शाहू महाराजांकडे गेले, हे खरे. पण त्याआधीची त्यांची उमेदीची वर्षे ताराबाईंच्या पक्षात गेली. आपण कान्होजींचा अभिमान बाळगतो, मुंबईतल्या नौदलाच्या तळाला त्यांचे नाव आहे, आणि ते योग्यच आहे. मात्र ज्यांच्या राजवटीत हे आरमार उभे राहिले, त्या राज्यकर्तीचे नाव त्याच किल्ल्यांवर कोणी उच्चारत नाही, ही गोष्ट मला बोचते.

फेब्रुवारी-मार्च १७०७ मध्ये, तेव्हाच्या अहमदनगराजवळ औरंगजेब मरण पावला. आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षे दख्खनेत घालवूनही त्याला मराठ्यांचे राज्य बुडवता आले नाही, आणि त्यातली शेवटची सात वर्षे त्याच्यासमोर एक तरुण विधवा उभी होती. मोगलांच्या बाजूने लिहिणाऱ्या खाफीखानानेही तिच्या कर्तबगारीची कबुली दिली आहे.

पुढचा काळ त्यांच्यासाठी कडू होता आणि तो मी झाकू इच्छित नाही. शाहू महाराज सुटून आल्यावर ताराबाईंनी त्यांचा गादीचा हक्क नाकारला, ऑक्टोबर १७०७ मध्ये खेडच्या लढाईत हार पत्करली, कोल्हापूरची गादी उभी केली आणि १७१४ मध्ये स्वतःच्याच घरात कैदेत पडल्या. शाहू महाराजांनंतर सातारच्या गादीवर आलेल्या रामराजांना त्यांनी कैद केले, तेही इतिहासात नोंदलेले आहे. १७६१ च्या डिसेंबरात साताऱ्यात वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी त्या वारल्या. या भाऊबंदकीवर आपल्याकडे इतके बोलले गेले की आधीची सात वर्षे तिच्याखाली गाडली गेली. पुरुष सेनानींच्या उत्तरायुष्यातल्या चुका आपण त्यांच्या पराक्रमाच्या आड येऊ देत नाही. हाच न्याय ताराबाईंना मिळावा.

महोदय, हे आत्ताच लिहिण्याचे कारण आहे. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांत आमच्या कोकणातले रायगड, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग आहेत. ताराबाईंचा पन्हाळाही आहे आणि जिंजीही आहे. या मानांकनानंतर गडांवर देशोदेशीचे लोक येतील, आणि त्यांच्यासाठी फलक, माहितीकेंद्रे, पुस्तिका, वाटाड्यांचे प्रशिक्षण हे सारे ओघाने आलेच. यांतले बरेच किल्ले केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहेत याची मला कल्पना आहे, पण राज्याच्या वतीने मजकूर सुचवणे आणि त्याचा आग्रह धरणे आपल्या हाती आहे. हा मजकूर एकदा दगडावर किंवा धातूवर उमटला की पुढची तीस-चाळीस वर्षे कोणी त्याला हात लावत नाही.

माझी मागणी एवढीच आहे की या प्रत्येक किल्ल्याच्या माहितीत १७०० ते १७०७ हा काळ ताराबाईंच्या नावाने, स्वतंत्रपणे लिहिला जावा. त्यांची ओळख "राजाराम महाराजांच्या पत्नी" एवढ्यावर न थांबता युद्धाची सूत्रे हाती असलेल्या राज्यकर्त्या म्हणून व्हावी, आणि तो मजकूर इतिहास संशोधकांनी तपासून, नववीतल्या मुलीला वाचता येईल अशा मराठीत लिहिलेला असावा. वाटाड्यांच्या प्रशिक्षणातही हा भाग असावा, कारण फलकापेक्षा त्यांचे बोलणे पोरांच्या जास्त लक्षात राहते. मी पुतळा मागत नाही. कोल्हापुरात ताराराणींचा घोड्यावरचा सुंदर पुतळा आहेच. साताऱ्याजवळ माहुलीला कृष्णेकाठी त्यांची समाधी आहे, तिची निगा मात्र जरूर राखावी.

याचा आजच्या मुलींशी थेट संबंध आहे. स्त्री अधिकाऱ्यांना लष्करात नेतृत्वाची पदे द्यावीत की नाही यावर सर्वोच्च न्यायालयात वाद चालला, तेव्हा सरकारी बाजूने असे मांडले गेले होते की बहुतेक जवान ग्रामीण भागातून येतात आणि स्त्रीचा हुकूम मानण्याची त्यांची मानसिक तयारी नाही. १७ फेब्रुवारी २०२० च्या निकालाने हा युक्तिवाद फेटाळला. तो वाचला तेव्हा मला वाटले, याला उत्तर आमच्याकडे तीनशे वर्षे पडून आहे. धनाजींच्या घोडदळात आणि कान्होजींच्या गलबतांवर जे लढले ते खेड्यापाड्यांतलेच होते : शेतकरी, धनगर, कोळी, भंडारी. त्यांनी एका पंचविशीतल्या बाईच्या राजवटीखाली त्या काळातल्या सर्वांत बलाढ्य बादशहाशी सात वर्षे झुंज दिली. ३० मे २०२५ रोजी खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून सतरा मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. ज्या सिंहगडावर राजाराम महाराज गेले आणि ताराबाईंचे खडतर दिवस सुरू झाले, तो त्या प्रबोधिनीतून दिसतो.

वहीत ती ओळ लिहिणारी माझी विद्यार्थिनी आता दहावीत आहे आणि प्रबोधिनीच्या परीक्षेची चौकशी करते. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत झाला, होड्या सुरू झाल्या, की यंदाच्या नववीला घेऊन आम्ही पुन्हा त्याच किल्ल्यावर जाणार आहोत. तोवर नवा फलक लागणे अवघड आहे हे मी जाणते. आपल्या विभागाने निदान तपासलेल्या मजकुराचे एक पान तिथल्या वाटाड्यांच्या हाती दिले, तर या वर्षीच्या वह्यांत ती ओळ वेगळी लिहिली जाईल.

आपली विश्वासू,
एक इतिहास शिक्षिका,
जैतापूर परिसर, ता. राजापूर, जि. रत्नागिरी